मूळ चित्रे लिलावात द्यावीत का? प्रत्यक्ष आणि ऑनलाइन लिलावांचे अनुभव हवेत

डिचोलीकर

सर्वांना नमस्कार. एकतीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवून मी गेल्या वर्षी निवृत्त झालो. नोकरीच्या काळातही चित्रे काढणे सुटले नाही. खाजन शेती (गोव्यातली खाडीकाठची बांध घातलेली शेती), चिरेखाणी आणि खनिज खाणींच्या लाल मातीचे ढिगारे हे माझे विषय, आणि माध्यम बहुतेक वेळा तैलरंग. आजवर चाळीसेक चित्रे विकली गेली असतील, ती सगळी प्रदर्शनांतून किंवा ओळखीपाळखीतून. भाव मी सांगत आलो आणि घेणाऱ्याने थोडी घासाघीस करून तो दिला, एवढाच माझा व्यवहार.

गेल्या महिन्यात ऑनलाइन लिलाव करणाऱ्या एका संस्थेचा ईमेल आला. माझी दोन तैलचित्रे आणि घरातले एक जलरंगचित्र त्यांना पुढच्या लिलावासाठी हवे आहे. जलरंगचित्र माझे नाही. एका ज्येष्ठ चित्रकार मित्राने १९८८ साली ते मला भेट दिले होते. मित्र आता हयात नाहीत, परंतु त्यांच्या कामांना मुंबईत मागणी येऊ लागली आहे असे कानावर येते. मी फेसबुकवर त्याचे छायाचित्र टाकले होते, त्यावरून त्यांना ते कळले असावे.

लिलाव म्हटले की आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर देवळातली पावणी उभी राहते. देवीला नेसवलेली साडी किंवा केळ्यांचा घड उंच धरून पुकारणारा, समोर गावातले ओळखीचे चेहरे, आणि बाजारात मिळेल त्याच्या दहापट बोली लावूनही तो घड घरी नेण्यात धन्यता मानणारा यजमान. तिथे चढणारा भाव केळ्यांचा नसतो, हे बोली लावणाऱ्यालाही ठाऊक असते आणि बघणाऱ्यालाही. चित्रांच्या लिलावात जो भाव चढतो किंवा चढत नाही, तो नेमका कशाचा असतो, हे मला समजून घ्यायचे आहे. राखीव किंमत (जिच्याखाली चित्र विकत नाहीत ती) कोण ठरवते, शेवटी हातात किती पडते आणि चित्र विकले गेले नाही तर पुढे काय होते, याविषयी ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया लिहावे.

खाजनकाठ

सर, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी आहे आणि ते मी पैसे मोजून मिळवले आहे.

दोन वर्षांपूर्वी एका ऑनलाइन लिलावात मी माझे तीन फूट रुंदीचे ॲक्रिलिक चित्र दिले होते. आर्ट कॉलेजमधून बाहेर पडून मला तेव्हा नऊ वर्षे झाली होती, आणि प्रदर्शनात त्या आकाराच्या चित्राचे मी सत्तर हजार घेत असे. संस्थेने अंदाजित किंमत पन्नास ते सत्तर हजार छापली. शेवटच्या रात्री आम्ही घरातले सगळे जेवणे आटोपून मोबाइलभोवती बसलो होतो. घड्याळ उलटे चालले होते आणि बोली अठरा हजारांवर थांबलेली होती. आई दर पाच मिनिटांनी विचारत होती, "वाढली गे?" शेवटचे दोन मिनिट उरले असताना ती बावीस हजार झाली, वेळ आणखी तीन मिनिटे वाढली आणि मग काहीही झाले नाही. राखीव किंमत गाठली गेली नाही म्हणून चित्र परत आले. पाठवण्याचा आणि परत आणण्याचा खर्च माझ्याकडेच होता, करारात ते बारीक अक्षरांत लिहिलेले होते.

खर्चाचे दुःख महिन्याभरात विसरले. पण पुढच्या वर्षी पणजीतल्या प्रदर्शनात एक सद्गृहस्थ माझ्या दुसऱ्या चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले, त्यांनी भाव विचारला, मग खिशातून मोबाइल काढून त्या लिलावाचे पान मला दाखवले आणि अतिशय सौम्यपणे म्हणाले, "इथे तर तुम्ही बावीसलाही गेला नव्हता." ते पान आजही तसेच आहे. माझ्या नावाने शोध घेतला की पहिल्या पाचांत येते.

सांजवेळ

मी मुंबईतल्या एका लिलावगृहाच्या कॅटलॉग विभागात सात वर्षे काम केले आणि आता म्हापशाला परतले आहे. खाजनकाठ यांच्याबाबतीत जे घडले ते त्यांच्या चित्राच्या गुणवत्तेमुळे घडले नाही, हे आधी सांगते.

लिलाव हा मुळात दुसऱ्या विक्रीचा बाजार आहे. चित्रकाराकडून चित्र प्रथम बाहेर पडते ते गॅलरीतून, प्रदर्शनातून किंवा थेट घरातून, आणि तिथे भाव सांगणारा कोणीतरी असतो. पुढे ते चित्र घेणारा कधीतरी ते विकायला काढतो, तेव्हा लिलावाची वेळ येते. लिलावात भाव चढायला एकाच वस्तूवर डोळा असलेली किमान दोन माणसे लागतात. एकच असेल तर तो राखीव किमतीपाशी थांबतो, आणि एकही नसेल तर जे झाले ते वर वाचलेच आहे. ज्या चित्रकाराच्या जुन्या विक्रीच्या नोंदी नाहीत, ज्याच्या चित्रांसाठी आधीच थांबलेले दोन-तीन संग्राहक नाहीत, त्याचे ताजे चित्र थेट लिलावात टाकणे म्हणजे गिऱ्हाईक येण्याच्या आधी दुकानाबाहेर भावाची पाटी लावणे, आणि तीही पुसता न येणारी.

आता हिशेब. समजा हातोडा एक लाखावर पडला, म्हणजे शेवटची बोली एक लाखाची ठरली. घेणारा त्यावर लिलावगृहाला खरेदीदाराचा अधिभार देतो, तो भारतात साधारण २० टक्क्यांच्या आसपास असतो, आणि त्या अधिभारावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे त्याच्या खिशातून १,२३,६०० रुपये जातात आणि चित्रावर जीएसटी लागू असल्यास तो निराळा. विकणाऱ्याकडून १० टक्के दलाली घेतली असे धरू (ही बोलून कमी करता येते, आणि लिलावगृहाला चित्र हवे असेल तर निम्मीही होते), तर त्यावरच्या जीएसटीसह ११,८०० वजा होऊन ८८,२०० उरतात. त्यातून छायाचित्रण, विमा आणि वाहतूक जाते. दोन टोकांमधले ३५,४०० रुपये मधल्यामध्ये राहतात. वर्तमानपत्रात छापून येणारे विक्रमी आकडे बहुधा अधिभार धरून दिलेले असतात, त्यामुळे विकणाऱ्याला तेवढे मिळाले असे समजू नये.

राखीव किंमत विकणारा आणि लिलावगृह मिळून ठरवतात. ती गुप्त असते आणि रिवाजानुसार अंदाजित किमतीच्या खालच्या आकड्यापेक्षा अधिक ठेवत नाहीत. अंदाज पन्नास ते सत्तर हजार असेल तर राखीव पन्नास किंवा त्याखाली. नवख्या विक्रेत्याला अंदाज मोठा छापून हवा असतो, कारण तो त्याला आपला मान वाटतो. अनुभवी विक्रेता तो मुद्दाम खाली ठेवतो, कारण कमी अंदाज पाहून चार माणसे जास्त येतात आणि बोली एकदा चालू झाली की माणसे स्वतःशी ठरवलेला आकडा ओलांडतात. खाजनकाठ, तुमच्या प्रदर्शनातल्या किमतीवरून अंदाज छापला गेला, तिथे पहिली चूक झाली, आणि ती तुमची नव्हे, त्या संस्थेची होती.

प्रत्यक्ष लिलावात एका लॉटला, म्हणजे पुकारल्या जाणाऱ्या एका वस्तूला, जेमतेम एक-दोन मिनिटे मिळतात. सभागृहात बसलेले, फोनवरचे आणि आधीच लेखी बोली देऊन ठेवलेले असे सगळे पुकारणाऱ्याला एकाच वेळी सांभाळायचे असतात, आणि त्याने दोन क्षण जास्त थांबून एखाद्याच्या डोळ्यांत पाहिले तर बोली वाढते. ऑनलाइन लिलावात हा माणूस नाही, त्याऐवजी घड्याळ आहे. बोली दिवस-दोन दिवस खुली राहते, घेणारा आपली कमाल रक्कम आधीच भरून ठेवू शकतो आणि यंत्र त्याच्या वतीने टप्प्याटप्प्याने बोली वाढवत राहते. शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ वाढते, म्हणजे ऐन वेळी कोणी गुपचूप हिसकावून नेऊ नये. भारतात सॅफ्रनआर्ट या लिलावसंस्थेने २००० साली ऑनलाइन लिलाव सुरू केले, तेव्हा पडद्यावर पाहून कोणी लाखांचे चित्र घेईल यावर अनेकांचा विश्वास नव्हता. आज घेतात, पण मुख्यतः ज्यांची नावे आधीच सर्वांना माहीत आहेत त्यांची.

पोफळीबाग

सांजवेळताई, चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्याबद्दलही लिहा की. आमच्या गोव्याकडचे म्हणून आम्ही छाती फुगवतो, पण त्यांच्या चित्रांचा भाव कसा चढला?

सांजवेळ

त्यांचा जन्म १९२४ चा, नागपूरचा. घराणे गोव्याचे, वाढले मुंबईत, शिकले जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. चित्रे काढली अगदी मोजकी, वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ते २००१ मध्ये गेले. डिसेंबर २०१३ मध्ये क्रिस्टीज या परदेशी लिलावगृहाने मुंबईत भारतातला आपला पहिला लिलाव केला, त्यात त्यांचे १९७९ सालचे चित्र २३.७ कोटींना गेले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सॅफ्रनआर्टच्या लिलावात १९७० सालचे चित्र ६७.०८ कोटींना. मधल्या काळात त्यांची चित्रे काही बदलली नाहीत. ती मुळातच थोडी, आणि प्रत्येक चित्र कोणाकडून कोणाकडे गेले याची साखळी जवळपास पूर्ण; फरक पडला तो एवढाच की ती मिळवण्यासाठी थांबलेली माणसे दोनच्या जागी वीस झाली. साळगावचे चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा त्यांच्याच वयाचे, तेही १९२४ चे, पण त्यांनी आयुष्यभर अक्षरशः ढिगाने काम केले. त्यामुळे त्यांच्या चित्रांत पन्नास हजारांचे रेखाटनही सापडते आणि कोट्यवधींचे तैलचित्रही, आणि त्यांच्या नावाच्या नकलाही पुष्कळ फिरतात. एखादे सूझा समोर आले की आम्ही पहिल्यांदा चित्र पाहत नसू, ते उलटे करत असू.

सर, तुमच्या जलरंगाबाबतही तेच करा. पाठीमागे काय आहे ते पाहा. तारीख, ठिकाण, कोणाला दिले त्याचे नाव, जुन्या प्रदर्शनाचे लेबल, चौकट करणाऱ्याचा शिक्का, काहीही. मित्राचे पत्र असेल, ते चित्र भिंतीवर असताना काढलेला घरातला जुना फोटो असेल, तर ते सगळे जपून ठेवा. तुमच्या दोन तैलचित्रांपेक्षा लिलावासाठी हे एक चित्र कितीतरी योग्य आहे.

चौकटवाला

मी म्हापशात चौकटी करतो. चित्र मागून पाहा असे ताईंनी सांगितले, पण ते कसे पाहावे हे मी सांगितले नाही तर कोणीतरी स्क्रू ड्रायव्हर घालून कागद फाडेल.

गोव्यात चार महिने हवेत पाणी असते. कागदावरचे चित्र पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर टांगले तर काच आणि कागद यांच्यामध्ये ओल धरते आणि मोहरीएवढे तपकिरी ठिपके उठतात. ते बहुधा बुरशीचे असतात. कापडाने पुसू नका, पुसले की रंगासकट पसरतात. चौकट खाली उतरवून टेबलावर जुनी चादर घाला, चित्र पालथे ठेवा, मागचे खिळे पकडीने सरळ वर ओढा. मागचा पुठ्ठा चॉकलेटी झालेला असेल तर तो आम्लाने कागदाला खात असतो, तो काढून आम्लरहित पुठ्ठा घालावा. सेलोटेप दिसली तर हात लावू नका, ती काढणे हे संवर्धन करणाऱ्याचे काम आहे. आणि जुनी चौकट, जुने लेबल फेकून देऊ नका. माझ्याकडे एक गृहस्थ नवी चौकट करायला आले होते, त्यांनी जुन्या चौकटीवरचे पॅरिसच्या दुकानाचे लेबल घरच्या चुलीत घातले होते.

पाठवताना सगळ्यात मोठी चूक बबल रॅपची. तो थेट रंगाला लावला की वाटेत ट्रकमध्ये उकाडा होतो आणि तैलरंगावर गोल गोल फुग्यांचे ठसे उठतात, ते कायमचे. आधी पातळ आम्लरहित कागद, मग पुठ्ठा, मग बबल रॅप, त्याचे फुगे बाहेरच्या बाजूला, आणि मग लाकडी खोका. कॅनव्हास गुंडाळायचा असेल तर रंगाची बाजू बाहेर ठेवून जाड नळीवर गुंडाळा. आत ठेवून गुंडाळला की रंगाचा थर चुरगळतो. पाठवण्यापूर्वी चारही कोपऱ्यांचे, मागच्या बाजूचे आणि तिरप्या उजेडात पृष्ठभागाचे फोटो काढून तारखेसह संस्थेला पाठवा. मुंबईला पोचल्यावर "हा ओरखडा आधीपासूनच होता" असे कोणी म्हणू लागले तर तेच कामाला येतात.

मडगावची माहेरवाशीण

विषय थोडा वेगळा आहे, पण आमच्या माहेरच्या घरात पणजोबांचे मोठे तैलचित्र आहे, १९१० च्या सुमाराचे. भावाला ते विकायचे आहे आणि परदेशातून विचारणा आहे. ते देता येईल का?

सांजवेळ

शंभर वर्षांहून जुनी कलाकृती १९७२ च्या पुरावस्तू व कलासंपदा कायद्याखाली पुरावस्तू ठरते. खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. त्यामुळे परदेशी गिऱ्हाइकाला लगेच नकार कळवा. भारतात विकायचे असल्यास आधी चित्रकार कोण हे शोधा. त्या काळात व्यक्तिचित्रे करणाऱ्यांत सांग्याचे आंतोनियो शावियेर त्रिंदाद (१८७०–१९३५) हे मोठे नाव होते. पणजीत फुंदासांव ओरिएंत या संस्थेकडे त्यांच्या चित्रांचा संग्रह आहे, तो एकदा पाहून या. सही खालच्या कोपऱ्यात चौकटीखाली दडलेली असू शकते.

जमाखर्च

कराच्या बाजूने लिहितो. मी मडगावात सीए आहे, पण प्रत्येकाचे प्रकरण वेगळे असते, तेव्हा आपल्या सीएला विचारून घ्यावे.

चित्रकाराने स्वतःचे चित्र विकले तर ते त्याचे व्यवसायाचे उत्पन्न. संग्राहकाने विकले तर भांडवली नफा. घरातली चित्रे पूर्वी वैयक्तिक वापराच्या वस्तू म्हणून करातून सुटत असत, २००७ च्या वित्त कायद्याने ती वाट बंद केली. डिचोलीकर सरांचे जलरंग भेट मिळालेले आणि दोन वर्षांहून कितीतरी अधिक काळ त्यांच्याकडे असलेले, म्हणजे नफा दीर्घ मुदतीचा, त्यावर सध्या १२.५ टक्के. हाताने काढलेल्या चित्रांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला आहे, ही त्यातल्या त्यात आनंदाची गोष्ट. रोख दोन लाख किंवा त्याहून अधिक घेऊ नका.

दुसरे, चित्र विकले तरी त्याचा कॉपीराइट विकला जात नाही. तो लेखी करार करून दिला नसेल तर चित्रकाराकडेच राहतो आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे वारसांकडे. म्हणून करारात "सर्व हक्क" असे शब्द दिसले की पेन खाली ठेवा आणि कॅटलॉग व जाहिरातीपुरतीच परवानगी द्या.

तिसरे, फारसे कोणाला ठाऊक नसलेले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५३अ म्हणते की मूळ चित्राची पुनर्विक्री दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला झाली तर चित्रकाराला, तो नसल्यास त्याच्या वारसांना, त्या किमतीत वाटा मिळण्याचा हक्क आहे, आणि हा वाटा दहा टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. असा वाटा आपणहून कोणी पाठवल्याचे माझ्या एकाही अशिलाच्या बाबतीत घडलेले नाही. सर, मित्राचे चित्र विकणार असाल तर त्यांच्या मुलाबाळांना आधी कळवा. कायदा बाजूला ठेवला तरी ते बरे दिसते.

आणि एक. धर्मादाय लिलावांसाठी चित्र द्या म्हणून मागणी आली तर लक्षात ठेवा, देणगीवरची आयकर सवलत पैशाच्या देणगीला आहे, वस्तूच्या देणगीला नाही.

फोंडेकर

मी घेणाऱ्यांपैकी आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. इथे लिलावाबद्दल जरा जास्तच भीती दिसते. एका ऑनलाइन लिलावात मला आमच्याच तालुक्यातल्या एका चित्रकाराचे छोटे चित्र अठरा हजारांना मिळाले. त्यांचे नाव मी त्याआधी ऐकले नव्हते. ते घरी आल्यावर इतके आवडले की पत्ता काढून त्यांच्या घरी गेलो आणि आणखी दोन चित्रे त्यांनी सांगितल्या भावाला घेतली. लिलाव नसता तर आमची भेट झाली नसती. लहान चित्र, खाली ठेवलेला अंदाज आणि विकलेच जाईल अशी राखीव किंमत, असे असेल तर तरुण चित्रकाराने जरूर प्रयत्न करावा.

खाजनकाठ

फोंडेकरबाब, त्या चित्रकाराच्या नावापुढे आता अठरा हजार असे लिहिलेले आहे. पुढचा घेणारा तेच पान उघडणार, तुमच्या घरातली दोन चित्रे कितीला गेली ते त्याला दिसणार नाही.

फोंडेकर

हे मात्र खरे. मी त्या अंगाने विचार केला नव्हता.

पोफळीबाग

माझा पुतण्या म्हणाला, "काका, मी तुमच्या चित्रावर दोन-तीन बोली टाकतो, भाव चढेल." असे करावे का?

सांजवेळ

करू नये. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे विकणाऱ्याला स्वतः बोली लावायची असेल तर तो हक्क आधी उघडपणे राखून ठेवावा लागतो. तसे न करता स्वतः किंवा माणूस लावून बोली वाढवणे बेकायदा आहे, आणि भाव फुगवण्यासाठी खोट्या बोली लावल्याचे उघड झाले तर घेणाऱ्याला विक्री रद्द करता येते. लिलावगृहे आपल्या अटींत राखीव किमतीपर्यंत विक्रेत्याच्या वतीने बोली पुकारण्याचा हक्क लिहून ठेवतात, तो भाग वेगळा. पुतण्याला चहा पाजा आणि मोबाइल खिशात ठेवायला सांगा.

डिचोलीकर

आपण सर्वांनी वेळ काढून इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. एक गंमत जाता जाता. पोर्तुगीज शिकलेल्या माझ्या शेजाऱ्यांनी सांगितले की आपला "लिलाव" हा शब्दच मुळी पोर्तुगीज "लेलांव"चा आहे. म्हणजे पावणी आपली आणि लिलाव त्यांचा.

काल दुपारी चौकटवाला यांनी सांगितल्याप्रमाणे जुनी चादर घालून ते जलरंगचित्र टेबलावर पालथे ठेवले. खिळे गंजून पुठ्ठ्यात बसले होते, दोन तुटलेच. पुठ्ठा खरोखर चॉकलेटी झालेला, आणि तो निघाला तो शाळेच्या हजेरीबुकाचा. म्हणजे चौकट मीच केली होती आणि विसरून गेलो होतो. कागदाच्या मागे खाली डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेले आहे, "मये तळे, श्रावण ८८. मास्तरांस, पाऊस थांबेना म्हणून." त्याखाली त्यांची सही. अडतीस वर्षे भिंतीवर असून हे मी कधी वाचले नव्हते. वरच्या कडेला मोहरीएवढे दोन ठिपके आहेत, त्यांना हात लावलेला नाही.

माझी दोन तैलचित्रे देणार नाही, असे संस्थेला कळवले आहे. ती मार्चमधल्या प्रदर्शनात माझ्याच भावाला लावीन. जलरंगासाठी अंदाज, राखीव किंमत, दलाली, विमा आणि न विकल्यास परतीचा खर्च कोणाचा, हे सगळे लेखी मागितले आहे. रात्री मित्राच्या मुलाला पुण्याला फोन केला. तो वडिलांच्या चित्रांची यादी करतो आहे, आणि मागच्या ओळीचा फोटो पाठवल्यावर त्याचा बराच वेळ काही निरोप आला नाही, मग विचारले की लिलावाआधी एकदा ते पाहायला येऊ का. चवथीला ये, असे सांगितले आहे. तोवर संस्थेचे उत्तर आले तरी चित्र घराबाहेर जाणार नाही.